घरातील अदृश्य किरण : भय नको, जाण हवी

वर्षावासात विहारातील वंदना आटोपल्यावर उपासक-उपासिका थोडा वेळ बोलत बसतात. अशाच एका संध्याकाळी प्रश्न निघाला, "स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटमधून किरण निघतात म्हणे! मग आपल्या त्रिरश्मी लेण्यांच्या दगडातूनही निघत असतील का?" केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, अशी तथागतांची कालामांना शिकवण होती. त्याच वाटेने हा प्रश्न आम्ही येथे तपासून पाहत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, किरणोत्सर्ग ही केवळ अणुभट्टीची देणगी नव्हे. तो आकाशातून येतो, जमिनीतून येतो, आणि आपल्या शरीरातील पोटॅशियममध्येही त्याचा अंश असतो. जगात सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या रेडॉन या वायूचा असतो.

खडकात व मातीत युरेनियम अल्प प्रमाणात असते. त्याचा क्षय होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो जमिनीच्या भेगांतून वर येतो. उघड्यावर वाऱ्यात विरून जातो. बंद खोलीत मात्र साचतो. साधारण ३.८ दिवसांत त्यातील निम्मा भाग नष्ट होतो, पण त्यातून पोलोनियमसारखे घन कण तयार होतात. ते धुळीला व धुराला चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथे अल्फा कण सोडतात. वर्षानुवर्षे असे घडल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

१९८४ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका अणुवीज केंद्रातील अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सर्ग आढळून धोक्याची घंटा वारंवार वाजू लागली. शोध घेता उगम केंद्रात नव्हे, तर त्याच्या राहत्या घरात सापडला! घराखालील जमिनीतून रेडॉन आत येत होता. तेव्हापासून जगाचे या विषयाकडे लक्ष वेधले.

आता आपल्या नाशिककडे वळू. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम बरेच कमी असते. त्रिरश्मी डोंगरातील लेणी याच कातळात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. विहारांना तीन बाजूंनी दगड, पण समोर मोकळा व्हरांडा. चैत्यगृहाला दर्शनी मोठे गवाक्ष. हेतू उजेडाचा असेल, पण वाराही आत खेळतो. तेव्हा लेण्यांत वंदनेला जाताना मनात शंका बाळगण्याचे कारण नाही. ओट्याचा ग्रॅनाइटही घाबरण्याजोगा नाही. घरातील रेडॉन मुख्यतः येतो तो खालच्या जमिनीतून. ओट्याचा वाटा सहसा अगदी किरकोळ असतो.

मग काळजी कशाची करायची? दोन गोष्टींची. पहिली, कोंडलेल्या हवेची. थंडीत निफाडचा पारा उतरला की आपण खिडक्या-दारे गच्च लावून घेतो. तळमजल्यावरच्या एका खोलीत सारे कुटुंब झोपते, त्याच खोलीत चूलही पेटते. दुसरी, तंबाखूच्या धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरनिराळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, आणि धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. सिन्नरसारख्या विडीच्या गावाशी आपल्या जिल्ह्याचे जुने नाते आहे. अनेक माउलींनी विड्या वळून मुले शिकवली. त्यांच्या कष्टांचा आम्हाला आदरच आहे. परंतु घरात ओढलेली विडी धुरात बसलेल्या मुलाबाळांनाही सोडत नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा. फरशीच्या व भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात. नवे घर बांधताना प्रत्येक खोलीला झरोका ठेवावा. घरात विडी-सिगारेट नकोच. मोजमाप करायचे झाल्यास एका दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. रेडॉनचे प्रमाण ऋतूप्रमाणे व तासागणिक बदलते, म्हणून मोजणीची पट्टी काही महिने खोलीत ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांसाठी घनमीटरला १०० बेक्वेरेल ही मर्यादा सुचवली आहे.

पंचशीलातील पाचवे शील आपल्याला नशेपासून दूर राहायला सांगते. तंबाखूलाही आपण त्याच पंक्तीत बसवावे, असे आमचे नम्र सांगणे आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञाननिष्ठ धम्म दिला. न दिसणाऱ्या गोष्टीचे भय बाळगणे हा धम्म नव्हे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे हाही नव्हे. ती समजून घ्यावी, आणि आज रात्री झोपण्यापूर्वी घराची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!