मोटारसायकलची थरथर आणि खडखड : दोष नेमका कुठे?

बंगळुरूतील जे. सी. रोड आणि कलासिपाळ्य हा परिसर वाहनांच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ म्हणून ओळखला जातो. अशा भागातला मुरलेला मिस्त्री दुरुस्तीला आलेल्या मोटारसायकलवर लगेच पाना चालवत नाही. तो इंजिन सुरू करायला सांगतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या आवरणावर टेकवतो आणि मुठीकडची बाजू कानाशी धरतो. धातूतून येणारा आवाज असा थेट कानापर्यंत पोहोचतो आणि तो हेडमधून येत आहे, सिलिंडरमधून की खालच्या क्रँकमधून, हे बऱ्याच अंशी कळते.

मराठीत तर या वाहनाचे नावच आवाजावरून पडले होते. ‘फटफटी’ हा शब्द आता मागे पडला असला, तरी चालकाला आपल्या वाहनाचा आवाज पाठ असतो आणि त्यातील बदल प्रथम त्याच्याच लक्षात येतो. मात्र हा बदल कशामुळे झाला हे समजून न घेता इंजिन उघडले, की खर्च विनाकारण वाढतो. उलट काही आवाजांकडे दुर्लक्ष केल्यास इंजिन भर रस्त्यात जखडण्याचा धोका असतो.

थरथर कोणती स्वाभाविक?

भारतातील बहुसंख्य मोटारसायकलींना एकच सिलिंडर असतो. इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्या घेत असेल, तर त्यातील पिस्टन सेकंदाला 100 वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक वेळी तो थांबतो आणि दिशा बदलतो. या धक्क्यांचा तोल सांभाळण्यासाठी क्रँकला वजन जोडलेले असते, पण ते धक्क्याचा काही भागच शमवू शकते. उरलेला भाग सांगाड्यातून हँडल, पायटे आणि आसनापर्यंत पोहोचतो. रॉयल एनफिल्डने 2020 मध्ये आणलेल्या ‘मिटिऑर’च्या 349 सीसी इंजिनात यासाठी वेगळा संतुलक दंड बसवण्यात आला. त्याच कंपनीच्या जुन्या बुलेटवरून या गाडीवर बसणाऱ्याला फरक हातालाच जाणवतो.

म्हणून थरथर आहे का, हा प्रश्न गौण ठरतो. ती नवी आहे का, हे पाहावे लागते. गाडी घेतल्यापासून ठरावीक वेगाला हँडल थरथरत असेल, तर तो बहुधा तिचा स्वभाव असतो. गेल्या महिन्यापासूनच थरथर सुरू झाली असेल, तर सर्वप्रथम इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट तपासावेत. सैल बोल्ट, तडकलेला ब्रॅकेट किंवा निसटलेले सायलेन्सरचे आवरण यांमुळे इतका आवाज होतो, की इंजिनच फुटले की काय असे वाटावे. नंबरप्लेटच्या खडखडीसाठी इंजिन उघडल्याचे किस्से गॅरेजांमध्ये हसत सांगितले जातात. पैसे भरणाऱ्याला मात्र हसू येत नाही.

आवाज कोणाबरोबर बदलतो?

निदानाची खरी किल्ली येथे आहे. आवाज इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो, चाकाच्या गतीबरोबर, इंजिनावरील भाराबरोबर की उष्णतेबरोबर, हे आधी ठरवावे. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर हळूहळू वाढवावा. आवाज त्याच्याबरोबर वाढला, तर तो इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या भागांचा आहे. उभ्या गाडीत आवाज नसेल आणि चालताना येत असेल, तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्लच दाबून गाडी क्षणभर वाहू द्यावी. इंजिनाची गती उतरल्यावरही आवाज तसाच राहिला, तर चाकाचे बेअरिंग, टायर, ब्रेक किंवा साखळी यांकडे पाहावे. एकच वेग दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये राखून पाहिल्यासही हाच उलगडा होतो. न्यूट्रलमध्ये येणारी खडखड क्लचची मूठ दाबताच थांबली, तर शोध क्लच आणि गिअरबॉक्सकडे वळतो. बंगळुरूच्या कोंडीत अर्धा क्लच दाबून तासन्तास सरकणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हा भाग आधी तपासणे शहाणपणाचे.

उष्णतेचे गणितही उपयोगी पडते. सकाळी थंड इंजिनात येणारी पोकळ टकटक गाडी तापल्यावर नाहीशी झाली, तर ती सहसा पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील वाढलेल्या फटीची असते. पिस्टन तापून फुगतो आणि फट कमी होते. अशी गाडी नजर ठेवून काही काळ चालवता येते. इंजिन तापल्यावर आवाज वाढत असेल, तर मात्र गंभीर शंका घ्यावी. तापलेले ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगमधील फट भरून काढू शकत नाही.

हेडमधून येणारी बारीक, नियमित टिकटिक बहुधा टॅपेटची असते. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे ही टिकटिक क्रँकच्या ठोक्यापेक्षा संथ लयीत ऐकू येते. तिचा त्रास वाटून काही जण टॅपेट आवळून घेतात आणि गाडी शांत झाली म्हणून समाधान मानतात. ही शांतता महाग पडते. फट उरली नाही, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तापलेला वायू त्याच्या कडेवरून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. ठरवून दिलेली फट ठेवून येणारी थोडी टिकटिक परवडते. सायलेन्सरच्या जोडातून निसटणारा वायूही टॅपेटसारखाच आवाज काढतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

सर्वांत धोकादायक आवाज खालून येतो. अॅक्सिलरेटर देताना किंवा एकदम सोडताना क्रँककेसमधून जड, ठोस ठोका ऐकू आला, तर कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग झिजल्याची शक्यता असते. अशा वेळी गॅरेजपर्यंतही गाडी चालवत नेऊ नये. टेम्पोचे भाडे नव्या क्रँकपेक्षा नक्कीच कमी असते.

म्हैसूरच्या गाड्यांचा वेगळा न्याय

बंगळुरूत आणखी एका जातीच्या इंजिनाचे चाहते मोठ्या संख्येने आहेत. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात 1961 पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या तयार होत. 1996 मध्ये उत्पादन थांबले, तरी या गाड्या रस्त्यावर आहेत आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘जावा दिना’निमित्त त्यांचे मालक शहरात एकत्र येतात.

या जुन्या 250 सीसी इंजिनांची पद्धत दोन-स्ट्रोक. त्यांत व्हॉल्व्हही नाहीत आणि टॅपेटही. त्यामुळे वरून टिकटिक आली, तर ती पिस्टनची, रिंगची किंवा पिस्टन पिनच्या बुशाची समजावी. क्रँकची रबरी सील झिजली, तर तिथून हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, गाडी उभी असताना इंजिन आपोआप वेग घेते आणि चढावर किणकिण ऐकू येते. क्लचच्या बाजूची सील गेली, तर गिअर ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर सुटतो.

या शहराची उंचीही हिशेबात घ्यावी लागते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तेथील हवा किनाऱ्यापेक्षा विरळ असते. मुंबईत जुळवलेला कार्ब्युरेटर येथे पेट्रोल किंचित जास्त देतो. गाडी जड चालते, पण इंजिनाला इजा होत नाही. धोका उलट प्रवासात असतो. बंगळुरूच्या हवेला काटेकोर जुळवलेली गाडी शिराडी किंवा चार्माडी घाट उतरून किनाऱ्यावर गेली, की हवा दाट होते आणि मिश्रण पातळ पडते. पातळ मिश्रण इंजिन तापवते. त्यात इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2023 रोजी बंगळुरूतच झाला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आणखी पातळ होते. बंगळुरूत उंची आणि इथेनॉल यांचे परिणाम परस्परविरुद्ध असतात. घाटाखाली उंचीचा आधार सुटतो. अशा गाडीचा जेट घाट उतरण्यापूर्वी तपासून घेणे इष्ट.

घाटात आणखी एक गोष्ट घडते. दोन-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. अॅक्सिलरेटर बंद ठेवून, गिअरमध्ये लांब उतार उतरल्यास इंजिन वेगाने फिरत राहते आणि ऑइल मात्र थेंबाथेंबाने पोहोचते. त्यामुळे जाणकार चालक उतारावर मधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर देतात. इंजिन जखडण्यापूर्वी बहुधा ताकद एकाएकी कमी होते, आवाज आवळल्यासारखा होतो, क्वचित चिरका निघतो; आणि पुढच्या क्षणी मागचे चाक अडकू शकते. ताकद ओसरल्याची जाणीव होताच क्लच दाबून धरावा, म्हणजे चाक मोकळे राहते. मग गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत किक मारू नये.