चुन्याची कळी आणि अणूचा गाभा

आमच्या गावची एक बाई शहरात कोबाल्टच्या किरणांचे शेक घेऊन परत आली. घरच्यांनी तिचे ताट वेगळे केले. नातवाला जवळ जाऊ देईनात. शेजारी आम्हाला विचारू लागले, "गुर्जी, तिच्या ताटात जेवलं त आपल्याले बी ते किरन लागते काय?"

उत्तर समजायला आधी चुना घेऊ.

शाळेत आम्ही एक प्रयोग करीत असू. भांड्यात भाजलेल्या चुन्याची कळी ठेवायची आणि थोडे पाणी टाकायचे. कळी फुगते, फुटते, वाफ निघते. भांडे हातात धरवत नाही. जाळ नाही, निखारा नाही, मग ही ऊब आली कुठून? चुन्याचे व पाण्याचे अणू नव्या जोडीने बसले, त्यातून आली. (एकदा आम्ही मुलांना मागे सारायला विसरलो. एकाच्या गालावर शिंतोडा उडाला. डोळा थोडक्यात वाचला. चूक आमचीच.)

चुलीत पऱ्हाटी जळते तेव्हाही असेच होते. लग्नात वऱ्हाडी या पंगतीतून उठून त्या पंगतीत बसतात, माणसे तीच राहतात. तसे अणू जागा बदलतात, मोडत नाहीत. पाणी ओतले की चूल विझते.

पण अणूच्या पोटात एक गाभा असतो. चुलीचा जाळ तिथवर पोचत नाही. कोबाल्ट ६० नावाच्या धातूचा गाभा आपोआप बदलतो. त्याचे निकेल होते आणि किरण बाहेर पडतात. सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मे कोबाल्ट असे संपते. तापवा, गार करा, तेजाबात टाका, वेग तोच.

युरेनियमचा गाभा तर फुटतो. हे वर्गात करता येत नाही. म्हणून आम्ही अंगणात खेळ मांडत असू. प्रत्येक मुलाच्या हातात दोन चिंचोके द्यायचे. ज्याला चिंचोका लागेल त्याने आपले दोन्ही फेकायचे. एक, दोन, चार, आठ! घडीभरात नुसता गोंधळ. मग काही मुले टोपल्या घेऊन मधे उभी केली, की ती चिंचोके झेलत आणि खेळ आवरे. अणुभट्टीतही असेच आवरणारे दांडे असतात.

तारापूरला १९६९ साली अशी वीज निघू लागली. आपल्या अकोला जिल्ह्यात पारसला कोळसा जाळून वीज होते. काम दोन्हीकडे एकच, पाण्याची वाफ करणे. एक किलो युरेनियम २३५ पुरते फुटले तर सुमारे तीस लाख किलो कोळशाइतकी उष्णता निघते. म्हणजे एक अख्खी मालगाडी! पण पारसची राख विटांना चालते. तारापूरच्या भट्टीत जे उरते त्याला हात लावायची सोय नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते.

आता त्या बाईचे. शेकाच्या यंत्रात कोबाल्ट जाड पेटीत बंद असते. झाकण उघडले की किरण गाठीवर पडतात, लावले की थांबतात. कोबाल्ट अंगात शिरत नाही. कंदिलाचा उजेड तोंडावर पडला म्हणून तोंडाचा कंदील होत नाही. काही रोगांत मात्र किरण सोडणारे औषधच पोटात देतात. तेव्हा डॉक्टर काही दिवस लेकराबाळांपासून दूर राहा म्हणतात. ते ऐकावे. या बाईला तसे औषध दिलेले नव्हते. कागद आम्ही वाचून पाहिले.

मग तिच्या घरी बसून आम्ही तिच्याच हातचा चहा घेतला. सासूने दोनदा विचारले, "खरंच काही होत नाही नं, गुर्जी?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत नातू आजीच्या मांडीवर जाऊन बसला होता.