एका कुंडीतली दोन झाडं

नर्सरीतून आपण गुलाबाचं एक रोप आणतो, पण त्यात झाडं दोन असतात. मातीत असतो तो खुंट, म्हणजे काटक रानगुलाबाची मुळं आणि बोटभर खोड. त्या खोडाच्या सालीला चीर देऊन आत हव्या त्या जातीचा एक डोळा बसवलेला असतो. माळी याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. डोळा जगला आणि फुटू लागला, की त्याच्या वरचा खुंट छाटून टाकायचा. मग वरची फांदी ग्लॅडिएटरसारख्या जातीची आणि मुळं रानगुलाबाची. देखण्या जातींची स्वतःची मुळं बहुधा लेचीपेची असतात, म्हणून हे लग्न लावून द्यावं लागतं.

हा जोड कुठे आहे, ते रोप घेतानाच पाहून ठेवावं. खोडाला मातीलगत एक गाठ असते आणि तिथून फांदी किंचित तिरकी निघालेली दिसते. मला हे ठाऊक नव्हतं, तेव्हा माझ्या एका झाडाला पावसाळ्यात या गाठीखालून एक पोपटी, तजेलदार फांदी फुटली. मी कौतुकाने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलो. दिवाळीपर्यंत ती माझ्या खांद्याला लागली. कळी मात्र एकही नाही, आणि मूळची फांदी वाळून काटकी झाली. तो फुटवा खुंटाचा होता आणि मुळांनी आधी आपल्याच पोराला पोसलं. खुंटाच्या पानाला बऱ्याचदा सात पर्णिका असतात, वरच्या जातीला पाच. पण हा हिशेब दर वेळी जुळत नाही. फुटवा गाठीच्या वरून आला की खालून, एवढंच बघावं. खालून आला असेल तर थोडी माती उकरून तो बुडापासून ओढून काढायचा. नुसता कापला तर तिथूनच आणखी दोन येतात.

नर्सरीत नजर फुलाकडे जाते, हात मात्र दोन-तीन जाड, हिरव्या फांद्या असलेल्या रोपाकडे जावा. घरी आणल्यावर आठवडाभर ते आडोशाला, कोवळ्या उन्हात ठेवावं आणि मग कुंडीत लावावं. बारा इंची कुंडी पुरते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भरड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण झालं. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक माती ओलीचिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या भरड थरात उतरतच नाही, म्हणजे चिखलाची पातळी उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की झालं.

खरी अडचण नर्सरीच्या पिशवीतल्या मातीच्या गोळ्याची असते. तो अनेकदा चिकण मातीचा असतो. भोवती भुसभुशीत मिश्रण भरलं की पाणी गोळ्याला वळसा घालून खाली निघून जातं. कुंडी ओली दिसते आणि आत मुळं कोरडी राहतात. म्हणून गोळा आधी पाण्यात भिजवावा, बाहेरची माती हलक्या हाताने थोडी मोकळी करावी आणि मग लावावा. गाठ मातीच्या दोन बोटं वर हवी. कुंडी काठोकाठ भरू नये.

उन्हाबाबत मात्र तडजोड नाही, रोज पाच-सहा तास हवंच. कुंड्या गॅलरीत ठेवायच्या तर इमारतीची दिशा कळीची ठरते. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतवर येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. गुलाबाचा आपल्याकडचा ऐन हंगाम हिवाळ्यात, म्हणून दक्षिणेची गॅलरी नशिबाची. पूर्वेचीही चालते. उत्तरेच्या गॅलरीत मनीप्लांट लावावा आणि सुखी राहावं.

पाण्याला वेळापत्रक नसतं. पेरभर बोट मातीत खुपसायचं; कोरडं लागलं तर खालच्या भोकातून वाहेपर्यंत घालायचं, ओलं लागलं तर झारी परत ठेवायची. रोज पेलाभर शिंपडल्याने वरचा थर तेवढा भिजतो. पानं संध्याकाळी भिजवू नयेत. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर काळे ठिपके फार लवकर येतात.

आता छाटणी. गुलाब नव्या फुटीच्या टोकाला फुलतो, आणि कुंडीतल्या गुलाबाचं निम्मं यश या एका गोष्टीत आहे. फांदीचा शेंडा एक संप्रेरक बनवून खाली पाठवत असतो आणि ते खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा कापला की पहारा उठतो आणि वरचे दोन-तीन डोळे जागे होतात. न छाटलेलं झाड उंच, काटकुळं होतं आणि टोकाला बोराएवढी फुलं देतं.

मोठी छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, दसरा-कोजागरीच्या सुमारास करावी. वाळक्या, काळपट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. उरलेल्या तीन-चार धडधाकट फांद्या निम्म्यापर्यंत आणाव्यात. बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा शोधून त्याच्या पाव इंच वर तिरपा काप घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर झुकते आणि मधे हवा खेळते. सिकेटर धारदार हवं. बोथट पात्याने फांदी चेचते आणि तिथूनच काळी पडत खाली मरत येते. कापावर मोरचूद-चुन्याचा लेप लावावा. छाटल्यावर कुंडी केविलवाणी दिसते आणि घरचे हळहळतात. साधारण पंधरवड्यात तांबूस कोंब येतात आणि सहा-सात आठवड्यांत फुलं. मूठभर शेणखत किंवा गांडूळखत या कोंबांच्या वेळी घालावं. उघड्याबोडक्या काटक्यांना खत घालून उपयोग नाही, ते वापरायला पानंच नसतात.

कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा निंबोळी तेलाने जातो. हिवाळ्यात पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पानं काढून कुंड्या लांब-लांब ठेवाव्यात. खत म्हणून चहाचा चोथा धुऊन घातला तर चालतो, दूधसाखरेसकट घातला तर मुंग्यांचं लग्नघर होतं.

फूल उमललं की ते झाडावरच कोमेजू देण्याचा मोह होतो. पण मग देठाखाली फळ धरायला लागतं आणि झाडाची शक्ती बियांकडे वळते. फुलाच्या लगेच खालच्या तीन पर्णिकांच्या पानापाशी डोळा अशक्त असतो, म्हणून पाच पर्णिकांच्या पहिल्या भरदार पानाच्या वर कापावं. फुलदाणीसाठी हातभर दांडी कापली, तर झाडाची पानंही गेली आणि पुढचं फूल लांबलं. देवाला वाहायला आखूड देठ पुरतो.