परसातले बिऱ्हाडकरू

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कापलेली हिरवळ, गुलाबाचे वाफे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी उभी राहते. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशी बाग घरी राखायची तर माणसांच्या तोंडचे पाणी तिला पाजावे लागेल. म्हणून मी निराळ्या बागेविषयी लिहिणार आहे. तिला खरे म्हणजे परसच म्हणावे : मोरीचे पाणी, चार झाडे आणि त्यांच्या आश्रयाने बिऱ्हाड करून राहणारे जीव. मी मराठीची विद्यार्थिनी, प्राणिशास्त्राची नव्हे. जे लिहिते ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून आणि घरामागच्या पंधरा फूट जागेतून जमवलेले आहे.

फुले लावली की फुलपाखरे येतात, असा सर्वसाधारण समज. येतात हे खरे, पण फुलावर ती फक्त जेवायला येतात. अंडी घालायला मादीला ठरावीक झाडच लागते, कारण तिची अळी दुसरे काही खात नाही. लिंबावर येणारे काळे-पिवळे फुलपाखरू पाहावे. मादी पानावर बसून पायांनी पान चाचपते, चव घेते, आणि खात्री पटली तरच अंडे ठेवते. अळी लहान असताना हुबेहूब पाखराची विष्ठा दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचले तर डोक्यामागून तांबूस रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. आमची आई या अळ्या चिमट्याने काढून टाकत असे, आणि त्यात तिची काही चूक नाही. कढीलिंबाची पाने तिला फोडणीला हवी असतात. शेवटी तोड अशी निघाली की हाताशी येतात त्या फांद्या आईच्या, वरच्या अळ्यांच्या. झाड वाढते आहे, दोघींचेही भागते आहे. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते ‘ब्ल्यू मॉरमॉन’सुद्धा याच लिंबूवर्गीय कुळातल्या झाडांवर वाढते. आमच्याकडे मात्र ते अजून फिरकलेले नाही.

रुईची गोष्ट याहून गमतीची आहे. शनिवारी मारुतीला माळ घालण्यापलीकडे रुईला कोणी विचारत नाही. तिच्या विषारी चिकावर ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराची अळी पोसते, ते विष अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखरूही कडूच निघते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. दुसऱ्या एका जातीच्या मादीने तर हाच रंग, हीच नक्षी उचलली आहे. तिच्या अंगात विष नाही. ती नुसत्या वेषावर निभावते. (आमच्या गॅदरिंगमधल्या काही नटांची मला येथे आठवण होते.) रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढे मात्र सांभाळावे.

पानफुटीवर, एरंडावर, टाकळ्यावरही अशीच एकेकाची वस्ती असते. शेवग्याच्या फुलांवर काळे भुंगे येतात आणि त्यांच्यामुळे शेंगा धरतात. जास्वंदीवर शिंजीर येतो. तो आपल्या लोंबत्या घरट्याला कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरतो, म्हणून कोपऱ्यातली सगळीच जाळी झाडून टाकू नयेत. घाणेरीची फुले फुलपाखरांना आवडतात हे कबूल, पण ती परदेशी झुडपे बुलबुलांच्या पोटातून रानभर पसरतात. ती मुद्दाम लावू नये असे माझे मत आहे.

आता परसातल्या खऱ्या वादाकडे वळते. ताईचे लग्न वैशाखात आहे आणि मांडव परसातच पडायचा आहे. त्याआधी सगळीकडे कोबा करावा, असे अण्णांच्या मनात आहे. अण्णा यंत्रमागावर काम करतात. आमच्या जुन्या झोपडीत पावसाळ्यात चिखल चुलीपर्यंत येत असे. मी माती उघडी ठेवू या म्हणताच ते म्हणाले, “चिखलातनं वर यायला वीस वर्षं गेली माझी, आणि तू कालेजात जाऊन चिखल ठेवा म्हणायलीस?” या प्रश्नाला कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. मातीत बिळे करून राहणाऱ्या एकट्या माश्या, धुळीत अंघोळ करणाऱ्या चिमण्या यांची नावे त्यांच्यापुढे घेण्यात अर्थ नव्हता. मग मी उन्हाचे सांगितले. कोबा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग सोडत राहतो. शिवाय पावसाचे पाणी मुरत नाही, वाहून जाते. रात्रपाळी करून आलेले अण्णा दिवसा मागच्याच खोलीत झोपतात. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट, मोरी आणि मांडवाची जागा एवढीच दोरी लावून आखली. भिंतीकडचे तीन हात आणि लिंबाचे आळे दोरीबाहेर आहे. गवंडी यायचा आहे. तोवर मी निर्धास्त नाही.

पाण्याविषयी थोडे. पसरट परळ घ्यावा, त्यात दगड ठेवावेत, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी दोन दिवसांनी ओतून परळ घासावा. डासांच्या अळ्यांना साधारण आठवडा लागतो, त्यामुळे त्यांना सवडच मिळत नाही. सापाची भीती खोटी नव्हे. दारालगत विटा-लाकडांचा ढीग नसावा आणि उंदरांना खरकटे मिळू नये. पालापाचोळा झाडांच्या बुंध्याशीच पसरावा. मे महिन्यात त्याने ओल टिकते.

मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली 2025 साली गेले. त्यांचा ‘पक्षिकोश’ चाळल्यावर मी खोक्याला सव्वा इंचाचे भोक पाडून ते वळचणीला टांगले. चिमण्या रोज भिंतीकडच्या धुळीत लोळून जातात. खोक्यात मात्र अद्याप एकही शिरलेली नाही.