कर्नाळ्याचा अंगठा आणि पाण्याची टाकी

पनवेलकडून पेणच्या एस.टी.त बसलात की डाव्या हाताला डोंगरावर एक दगडी अंगठा दिसतो. तोच आपला कर्नाळा. नवी मुंबईत उंच उंच इमारती झाल्या, त्यामुळे हल्ली तो मध्येच लपतो आणि पुन्हा दिसतो. आमची आजी रोज सकाळी अंगणातून त्याच्याकडे बघते. अंगठा ढगात गेला, की वाळत घातलेले सुके बोंबील ती घरात घेते.

सहलीच्या आधी वर्गात एकाने प्रश्न विचारला, "गुरुजी, त्या अंगठ्यावर तर चढताच येत नाही, मग गड कशाला बांधला?" सगळे हसले. पण गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. वर गेल्यावर उत्तर शोधा." म्हणून हा लेख.

आधी अंगठ्याचे सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला लाव्हारस बाहेर आला, थरावर थर साचले आणि आपला काळा कातळ तयार झाला. पुढे ऊन, वारा, पाऊस यांनी आजूबाजूचा दगड झिजून गेला. हा मात्र टिकला. त्याची उंची सुमारे १२५ फूट, म्हणजे आपल्या वडाच्या झाडासारखी तीन-चार झाडे एकावर एक ठेवा! गिर्यारोहक दोर लावून चढतात. बाकी कोणी त्या भानगडीत पडू नये, कारण कातळाला आग्या मोहोळे लटकलेली असतात.

डोंगराची समुद्रसपाटीपासून उंची आहे ४३९ मीटर. पायथ्याला १९६८ साली पक्षी अभयारण्य झाले. तिथून झाडीतून वाट चढते. वाटेत कर्नाई देवीचे देऊळ लागते. पुढे पडका तट, दरवाजे, वाड्याची जोती. एक शिलालेख मराठीत आहे आणि एक फारसीत. मराठी लेख वाचायचा आम्ही खूप प्रयत्न केला, पण अक्षरे झिजली आहेत. जवळच कोणी कोणी रंगाने आपली नावे लिहून ठेवली आहेत, ती मात्र लांबून वाचता येतात. आम्हाला वाईट वाटले.

आता उत्तर. वर उभे राहिलात की एका बाजूला पनवेलची खाडी आणि दुसऱ्या बाजूला पाताळगंगेचे खोरे दिसते. प्रबळगड आणि माणिकगडही दिसतात. पूर्वी देशावरचा माल बोरघाट उतरून बैलांवर पनवेलच्या बंदरात यायचा. ही सगळी वाट इथून नजरेखाली. ज्याच्या हाती कर्नाळा, त्याच्या हाती रस्ता. अंगठ्यावर कोणी चढत नव्हते, गड त्याच्या पायाशी बसवला होता.

म्हणून तर या छोट्याशा गडासाठी एवढ्या लढाया झाल्या. देवगिरीच्या यादवांच्या काळापासून याचे नाव घेतात. पुढे तो गुजरातच्या सुलतानाकडे होता. १५४० साली अहमदनगरच्या निजामशहाने घेतला. सुलतानाच्या माणसांनी वसईच्या पोर्तुगीजांची मदत मागितली. पोर्तुगीजांनी गड जिंकून दिला, पण शेवटी दरसाल पैसे घेण्याच्या बोलीवर तो निजामशहालाच देऊन टाकला! १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये महाराजांच्या मावळ्यांनी आडोसे उभारत, एक एक पाऊल पुढे सरकत तो परत घेतला. नंतर पुन्हा मोगल, मग पेशवे, आणि १८१८ साली इंग्रज कर्नल प्रॉथर.

पेशवाईच्या अखेरीस इथले किल्लेदार होते अनंतराव फडके. गडाच्या पायथ्याशी शिरढोण गाव आहे. तिथे १८४५ साली त्यांचा नातू जन्मला. तेच आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. लहानपणी अंगणात आले की त्यांनाही हाच अंगठा दिसत असेल, नाही का?

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती टाकी. सुळक्याच्या अगदी बुडाशी, कातळात ओळीने खोदलेली. खोल्याच वाटतात. आत वाकून पाहिले तर गार हवा तोंडावर येते आणि हाक मारली तर हाक परत येते. डोंगरावर ना नदी, ना ओढा. पावसाळ्यात कातळावरून ओघळणारे पाणी या टाक्यांत साठायचे आणि गडावरची माणसे ते वर्षभर पुरवायची. टाके खोदताना जो दगड निघे तो बांधकामाला कामी येई, म्हणजे एका कष्टात दोन कामे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड कसा बांधावा ते सांगितले आहे. त्यात म्हटले आहे की, गड बांधण्याआधी तिथले पाणी पाहावे. पाणी नसेल तर कातळ फोडून टाकी करावीत. नुसत्या झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते. हे गुरुजींनी वाचून दाखवले तेव्हा आमच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "म्हणजे तट पडला तरी चालेल, टाके फुटता कामा नये." गुरुजींनी त्याला शाबासकी दिली.

परदेशातही हीच अडचण. गुरुजींनी जर्मनीतल्या वार्टबर्ग किल्ल्याचे चित्र दाखवले. १०६७ साली बांधायला घेतला असे मानतात. तोही डोंगरावर, उंची जवळजवळ आपल्या कर्नाळ्याएवढीच. तिथे सरदाराचा महाल आहे, उंच बुरूज आहे, घरांना उतरती छपरे आहेत, सगळे कसे नीटनेटके. तिथेही चौकात पावसाचे पाणी साठवायचे टाके आहे. फरक एवढाच की टेहळणीचा मनोरा त्यांना दगडावर दगड रचून उभारावा लागला. आपल्याकडे तो आधीच उभा होता, पण वर चढायची सोय नव्हती!

पालकांना एक विनंती. मुलांना घेऊन जाल तर घरून पाणी न्या, टाक्यातले पिऊ नका. मोहोळाखाली आरडाओरडा करू नका, धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका. पावसाळ्यात शेवटचा चढ फार निसरडा होतो.

आमच्या गटाने कर्नाळ्याचा मातीचा नमुना केला आहे, तो या भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर ठेवला आहे. अंगठा दोनदा मोडला. शेवटी आत बांबूची काडी घातली तेव्हा उभा राहिला. टाकी मात्र पहिल्याच वेळी चांगली जमली. सर्वांनी बघावे, पण हात लावू नये, माती अजून ओली आहे.