पानावरचा डाग वाचायला शिकायचंय?

डाळिंबावरचा तेल्या जिवाणूमुळे येतो, द्राक्षावरची भुरी बुरशीमुळे. दोन्हींवर एकच औषध मारलं तर पैसे पाण्यात! हा फरक वनस्पती रोगशास्त्रात शिकता येतो. चार वर्षांची बीएस्सी कृषी, मग राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी.

खरी मजा प्रयोगशाळेत. रोगट पानातली बुरशी वेगळी करून वाढवायची, निरोगी रोपावर सोडायची. तोच रोग आला आणि तीच बुरशी पुन्हा मिळाली, तरच आरोप सिद्ध! (भुरी मात्र पेट्री डिशमध्ये वाढत नाही, बाईसाहेबांना जिवंत पानच लागतं.)

प्राध्यापक व्हायचं असेल तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट परीक्षा बघा. बियाणं, कीडनाशक, टिश्यू कल्चर कंपन्यांतही कामं आहेत. पण पहिल्या वर्षापासूनच भिंग घेऊन बागा हिंडा, फोटोंची तारीखवार वही ठेवा.