चौथा चिमटा

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील गजबजलेले रस्ते ओस पडले. इमारतींच्या आवारांत मोटारगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. जून महिन्यात निर्बंध सैल होऊ लागले, तेव्हा पुष्कळांनी किल्ली फिरवून पाहिली. पण इंजिन काही जागे होईना. नुसता ‘टक्‌टक्’ असा क्षीण आवाज येई, कित्येकदा तोही नाही. इंधन होते, इंजिन धड होते; संपली होती ती बॅटरी.

उभी गाडी निजलेली दिसली, तरी तिच्यातील घड्याळ आणि चोरघंटा जाग्याच असतात. त्यांना वीज लागते ती अगदी अल्प. पण आठवड्यांमागून आठवडे ती खर्च होतच राहते. शिवाय नुसती पडून राहिलेली बॅटरीही आपोआप थोडी थोडी रिकामी होते.

शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत्घट गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. मोटारीची नेहमीची बॅटरी त्याच कुळातील. तिच्यात सहा कप्पे असतात आणि प्रत्येकाचे सुमारे २ असे मिळून १२ व्होल्ट होतात. पूर्वी गाडीच्या पुढच्या बाजूस लोखंडी दांडा घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. त्याने उलटा हिसका दिला तर मनगटच मोडावयाचे. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत हे काम विजेवर होऊ लागले, आणि तो भार बॅटरीवर आला.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. त्यापुढे १२ व्होल्ट म्हणजे काहीच नव्हे, असे वाटून माणसे निष्काळजी होतात. बॅटरीला हात लागला तर सहसा झटका बसत नाही, हे खरे. परंतु छताच्या पंख्याला जेथे अर्धा अँपिअर प्रवाहही लागत नाही, तेथे इंजिनाला पहिली गती देताना बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहतो. तिच्या दोन अग्रांवर चुकून लोखंडी पाना आडवा पडला, तर तो क्षणात लाल होऊ शकतो. दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. बॅटरी भरली जात असता तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले, तरी एक ठिणगी स्फोटाला पुरे. आणि बॅटरी फुटली म्हणजे तिच्यातील आम्ल नेमके वाकून पाहणाऱ्याच्या तोंडावर उडावयाचे.

रिकाम्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत देताना हे सारे ध्यानात ठेवावे लागते. हे काम जाणत्या माणसाचे. मुलांनी दूर उभे राहूनच ते पाहावे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. फुगलेल्या वा तडा गेलेल्या बॅटरीला तर हातच लावू नये. गाड्या जवळ आणाव्यात, परंतु एकमेकींस चिकटू देऊ नयेत. इंजिने व दिवे बंद करून हातब्रेक ओढावेत. मग दोन जाड तारा घ्यावयाच्या, एक लाल व एक काळी. दोन्हींच्या टोकांना मिळून चार चिमटे असतात. लाल तारेचा एक चिमटा रिकाम्या बॅटरीच्या धनाग्राला आणि दुसरा भरलेल्या बॅटरीच्या धनाग्राला लावावयाचा. काळ्या तारेचा एक चिमटा भरलेल्या बॅटरीच्या ऋणाग्राला लावावयाचा. येथे अग्रांची उलटापालट झाली, तर दोन्ही गाड्यांतील नाजूक विद्युत् उपकरणे जळून जाण्याचा संभव असतो.

उरला चौथा चिमटा. तो रिकाम्या बॅटरीच्या ऋणाग्राला लावावा, असे कोणालाही वाटेल. नेमके तेच करावयाचे नसते! वीज वाहू लागते ती मंडल पुरे झाल्यावर. म्हणजे ठिणगी उडण्याचा संभव अखेरच्या जोडणीपाशीच अधिक, आणि बॅटरीपाशी तर वायू साचलेला असू शकतो. म्हणून हा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग न लावलेल्या धातूच्या भागाला लावतात. बॅटरीचे ऋणाग्र इंजिनाच्या धातूशी मुळातच जोडलेले असते. त्यामुळे मंडल पुरे होते आणि ठिणगी उडालीच, तर ती वायूपासून लांब उडते. काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत या चिमट्याची जागाच दाखविलेली असते. तेथे पुस्तिकाच प्रमाण मानावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर अवश्य.

मग भरल्या बॅटरीची गाडी आधी सुरू करून काही मिनिटे चालू ठेवतात आणि नंतर बंद गाडीची किल्ली फिरवतात. इंजिनाने जीव धरला की चिमटे उलट्या क्रमाने सोडवावयाचे. जो शेवटी लावला, तोच पहिल्याने निघतो.